गायकवाड की मंडलिक?

कोल्हापूरच्या बिंदू चौकात चहा घेताना आमचा भारी खासदार कोण हा वाद निघाला, की कप गार होतो. उदयसिंगराव गायकवाड १९८० पासून सलग पाच वेळा खासदार, आणि पाचही वेळा काँग्रेसचेच. सरळ रेघ; सांगण्यासारखं एवढंच.

सदाशिवराव मंडलिकांचं तसं नाही. कागलचा गडी, आधी आमदार. १९९८ ला काँग्रेसकडून दिल्ली गाठली, १९९९ आणि २००४ ला राष्ट्रवादीकडून. २००९ ला पक्षानं तिकीट संभाजीराजेंना दिलं, तेव्हा पंचाहत्तरीच्या आसपासच्या या माणसानं अपक्ष म्हणून शड्डू ठोकला. समोर थेट छत्रपती घराणं, आणि तेही कोल्हापुरात! तरी निवडून आले.

टर्म मोजल्या तर गायकवाड पुढं. पण मला विचाराल तर कुस्ती मंडलिकांचीच. आमच्या गल्लीत आजही तीच रंगवून सांगतात.