जंजिरा, सिंधुदुर्ग की विजयदुर्ग? एकच पाहायचा असेल तर

सुट्ट्या जवळ आल्या की पुण्या-मुंबईकडून फोन यायला लागतात. दोन दिवस मोकळे आहेत, बरोबर आईबाबा आहेत, मुलांना एक तरी जलदुर्ग नीट दाखवायचा आहे. मग मुरूड गाठू, मालवण गाठू की विजयदुर्ग? तिन्ही एकाच फेरीत उरकायचा बेत सोडून द्या, हे मी आधी सांगतो. मुरूडहून मालवणला किनाऱ्याकिनाऱ्याने निघालात तर वाटेत इतक्या खाड्या आडव्या येतात की निम्मा वेळ वळसे घेण्यात आणि फेरीबोटीची वाट बघण्यात जातो. त्यापेक्षा एक निवडावा आणि तिथेच दिवस काढावा.

तिन्ही किल्ले मी पाहिले आहेत, त्यातले दोन पुन्हा पुन्हा. एक निवडायची वेळ आली ती वडिलांना न्यायचं ठरलं तेव्हा. त्यांना इतिहासाची ओढ दांडगी, पण गुडघे साथ देत नाहीत. तुमच्या घरची गरज वेगळी असेल तर उत्तरही वेगळं निघेल, हे धरूनच पुढचं वाचा.

पहिल्या नजरेत भुरळ घालण्यात जंजिऱ्याचा हात कुणी धरणार नाही. राजपुरीच्या धक्क्यावर उभं राहिलं की पाण्यातून सरळ वर आलेला काळा तट समोर दिसतो, पण दरवाजा कुठे आहे ते काही केल्या कळत नाही. शिडाची होडी पार जवळ जाऊन वळते तेव्हा कुठे तो दोन बुरुजांच्या मधे सापडतो. हा किल्ला शिवाजी महाराजांच्या हाती आला नाही. जंजिऱ्यावर राज्य करणाऱ्या सिद्दीवर वचक राहावा म्हणून त्यांनी जवळच पद्मदुर्ग उभारला. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी वेढा घातला, समुद्रात सेतू टाकायला घेतला, तोही अर्धवट राहिला. सिद्दींचं संस्थान थेट १९४८ पर्यंत टिकलं. एवढं ठाऊक असलेल्या माणसाच्या अंगावर होडीतच काटा येतो.

आत महादरवाज्याशी पंजांत हत्ती दाबून धरलेल्या शरभाचं, म्हणजे सिंहासारख्या काल्पनिक प्राण्याचं, शिल्प आहे, वर कलालबांगडी तोफ आहे, मधोमध गोड्या पाण्याचे तलाव आहेत. हे सगळे दाखवतात. मला खिळवून ठेवलं ते साध्या भिंतीने. खाऱ्या वाऱ्याने दगड खाऊन मधे खोलगट केला आहे आणि सांध्यातला चुना मात्र कडांसारखा बाहेर उभा राहिला आहे. रिकाम्या झालेल्या मधाच्या पोळ्यासारखी ती भिंत दिसते. बोट फिरवून बघा, दगड आत गेलेला आणि चुना शाबूत. ज्यांनी तो घोटला असेल त्यांच्या कामाची परीक्षा अजून चालू आहे आणि ते अजून उत्तीर्ण होत आहेत.

मी ते बघत होतो आणि खालून हाक आली: चला, वेळ झाली.

माझं अडलं ते इथेच. होडीत बसतानाच बजावलेलं असतं, पाऊण तासात परत यायचं. आमच्याबरोबर आलेला माणूस माहिती सांगत होता, चांगली सांगत होता, पण सगळी चालता चालता. तोफेपाशी दोन मिनिटं, तलावापाशी दोन मिनिटं, पडक्या वाड्याकडे लांबूनच हात. त्याला दोष देता येत नाही. पुढची माणसं धक्क्यावर खोळंबलेली असतात, वारा आणि भरती-ओहोटी दोन्ही सांभाळायची असतात, दिवसाची कमाई त्या फेऱ्यांवर असते. पण शेकडो वर्षं समुद्राचा मार खात उभ्या असलेल्या किल्ल्याला पाऊण तास देऊन परत फिरायचं, हे मनाला पटत नाही. होडीतून उतरायचं तेही लाटेचा हेलकावा बघून, नेमक्या क्षणी पाऊल टाकून. त्या दिवशी एक आजोबा उतरले कसेबसे, आणि बाकीचे परत येईपर्यंत दरवाज्याच्या आतल्या सावलीतच बसून राहिले. एवढ्या लांबून येऊन त्यांनी किल्ल्याचा दरवाजा तेवढा पाहिला. माझ्या वडिलांचंही तेच झालं असतं, हे मला तिथेच दिसलं.

सिंधुदुर्गाला ही अडचण बरीच कमी आहे. मालवणच्या धक्क्यावरून यांत्रिक होडी निघते, अंतर थोडं, चढणं-उतरणं त्या मानाने सोपं. आणि मराठी माणसासाठी या किल्ल्याचं मोल वेगळंच आहे, कारण तो कुणाकडून जिंकून घेतलेला नाही. कोऱ्या बेटावर महाराजांनी तो उभा केला. २५ नोव्हेंबर १६६४ ला पाया घातला आणि १६६७ मध्ये काम पुरं झालं. किनाऱ्यावर जिथे पूजा झाली तो मोरयाचा धोंडा आजही दाखवतात. होडीत बसण्याआधी तिथे जाऊन यावं, म्हणजे समोरच्या बेटावर तेव्हा काहीच नव्हतं ही गोष्ट नीट उमगते. पायाच्या दगडांत शिसं ओतलं होतं, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. दरवाजा असा वळणात लपवलेला आहे की तोफेला सरळ मारा करता येऊ नये. त्याच्या वर छोट्या घुमट्यांत चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे आहेत. आत राजाराम महाराजांच्या काळात, १६९५ मध्ये बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींना चहूबाजूंनी खारं पाणी असूनही गोडं पाणी लागतं. गडावर काही कुटुंबं अजून राहतात, त्यामुळे पडक्या ओसाडीची कळा त्याला आलेली नाही.

बरोबर लहान मुलं असतील तर सिंधुदुर्गालाच जा, असं मी निःशंकपणे सांगतो. होडी आहे, देऊळ आहे, जवळ तारकर्लीची वाळू आहे, मालवणात जेवणाची ददात नाही.

तरीही घड्याळ इथेही मानगुटीवर बसतंच. साधारण तासाभराची मुदत मिळते. सुमारे तीन किलोमीटरचा तट, त्यात हंगामाच्या दिवसांत मंदिरापाशी आणि ठशांपाशी रांग. मग होतं असं की लोक दरवाजा ते मंदिर आणि मंदिर ते दरवाजा एवढंच करून परततात. पश्चिमेच्या तटावर, जिथे खुला समुद्र येऊन आदळतो आणि किल्ला कशासाठी बांधला ते खरं कळतं, तिथे फारसं कुणी पोचत नाही. मी एकदा पोचलो होतो. परतायची होडी गाठायला धावत यावं लागलं आणि त्या धावपळीत जे पाहिलं त्याचा निम्मा आनंद गेला.

विजयदुर्गाला होडी लागत नाही. मुंबई-गोवा महामार्गावर तळेऱ्याला फाटा फुटतो, तो थेट किल्ल्याच्या दारात आणून सोडतो. एकेकाळी जमिनीच्या बाजूला खंदक होता, आता तिथून चालत आत जाता येतं. यामुळेच बरेच जण त्याला तिसऱ्या क्रमांकावर टाकतात, चारी बाजूंनी पाणी नाही तर जलदुर्ग कसला म्हणून. त्यांचं म्हणणं मला कळतं. लांबून पाहताना जंजिऱ्यासारखा तो छातीत धडकी भरवत नाही, हेही खरं.

पण आत शिरल्यावर कुणी हाक मारत नाही. आम्ही दुपार टळल्यावर गेलो. वडील दर थोड्या पायऱ्यांनी बसत होते, पुन्हा उठत होते, आणि त्यांच्यासाठी कुणी खोळंबलेलं नव्हतं. एकात एक अशा तीन तटबंद्या आहेत. बाहेरच्या आणि मधल्या तटाच्या मधून चाललं की दोन्हीकडून भिंत अंगावर येते, ऊन लागत नाही, समुद्र दिसत नाही पण ऐकू येत राहतो. पहिला तट ओलांडून आत घुसलेल्या शत्रूचं इथे काय झालं असेल, हे वडिलांनी मला उभं राहून, हातवारे करून समजावलं. भिंतीतले खळगे तोफगोळ्यांचे म्हणून दाखवतात. त्यातल्या एकात त्यांनी आख्खी मूठ घालून पाहिली.

शिलाहार राजा भोज याने बाराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला हा मूळचा घेरिया. १६५३ मध्ये महाराजांनी आदिलशाहीकडून घेतला आणि नाव विजयदुर्ग ठेवलं. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या घराण्याने इथून समुद्रावर जी सत्ता गाजवली तिला इंग्रज, पोर्तुगीज, डच सगळे टरकून होते. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह आरमार घेऊन आले, जमिनीवरून पेशव्यांचं सैन्य आलं, आणि तुळाजी आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळून गेलं. एका जहाजाला लागलेली आग दाटीने नांगरलेल्या बाकीच्या जहाजांवर पसरत गेली. मराठ्यांच्याच मदतीने मराठ्यांचं आरमार बुडालं. खाडीच्या बाजूच्या बुरुजावर बसून खालचं शांत पाणी बघताना ही गोष्ट जशी लागते तशी पुस्तकात लागत नाही, आणि तिथे बसायला वेळ हवा. जंजिऱ्यावर किंवा सिंधुदुर्गावर तो मला कधी मिळाला नाही.

किल्ल्यातले ‘साहेबाचे ओटे’ही बघा. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाशी आणि हेलियमच्या शोधाशी त्यांचं नाव जोडलं जातं, आणि गावात तो दिवस आपुलकीने साजराही होतो. मुलांना सांगताना एवढं लक्षात ठेवा की हेलियमच्या शोधाचं श्रेय ज्या दोन शास्त्रज्ञांना दिलं जातं, त्यांतला जान्सन त्या ग्रहणात गुंटूरला होता आणि लॉकयरने आपलं निरीक्षण ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून केलं. ग्रहणाची गोष्ट तेवढ्याने फिकी पडत नाही.

उणिवा आहेत. माहितीचे फलक अपुरे वाटतात, काही भागांत झाडोरा माजलेला आहे, राहण्या-जेवणाची मालवणसारखी चंगळ नाही, स्वतःची गाडी नसेल तर एसटीच्या वेळा सांभाळाव्या लागतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग दोन्ही आहेत, जंजिरा नाही. त्यामुळे सोयी वाढतील ही आशा आहे, आणि गर्दीही वाढेल. पण निवड करताना यादीकडे फार बघू नये, जंजिरा यादीत नसला म्हणून तिळभरही कमी ठरत नाही.

ज्याला समुद्रातून किल्ल्याकडे जाण्याचा तो पहिला थरार हवा आहे आणि ज्याचे पाय धड आहेत, त्याने खुशाल जंजिरा करावा, पस्तावणार नाही. सुट्टीच्या दिवसाऐवजी मधल्या वारी, सकाळच्या पहिल्या होडीने गेलात तर थोडी उसंत मिळते. पावसाळ्यात मात्र जंजिरा आणि सिंधुदुर्ग, दोन्हीकडच्या होड्या बंद असतात. विजयदुर्गाला तेव्हाही जाता येतं, फक्त शेवाळलेल्या पायऱ्यांवर म्हाताऱ्या माणसांचा हात सोडू नका.

विजयदुर्ग ठरवलात तर सकाळ गिर्ये गावच्या रामेश्वराला द्या. देवळाकडे उतरणारी वाट जांभा कापून काढलेली आहे, दोन्ही अंगांना तांबड्या खडकाच्या उंच भिंती. तिथून जेवून दुपारी किल्ल्यावर या. ओहोटीची वेळ आधी पाहून ठेवली असेल तर तटाचा पायथा आणि भोवतीचे खडक उघडे मिळतात. खाली उतरू शकणारी माणसं असतील तर त्यांना तिथे न्या, नाहीतर बुरुजावरूनच दाखवा, आणि किल्ला बंद व्हायच्या वेळेपर्यंत बाहेर पडू नका.