लांबच्या नोकरीसाठी घेतलेला हेडफोन: दीड वर्षानंतर

हा हेडफोन मी गाणी ऐकायला घेतला नव्हता. घर ते ऑफिस एक तास पन्नास मिनिटं: स्टेशनपर्यंत वीस, गाडीत सत्तर, पुढे बसनं वीस. येतानाही तेवढंच. म्हणजे रोजचे तीन तास चाळीस मिनिटं. नोकरी चांगली होती, लेखा विभागात बारा वर्षं काढल्यावर मिळालेली जागा होती आणि पगार सोडवत नव्हता. प्रवास कमी होत नाही तर निदान त्यातला गोंगाट तरी कमी करू, म्हणून अख्खा कान झाकणारा, बाहेरचा आवाज कापणारा हेडफोन घेतला. चौदा महिने त्या प्रवासात वापरला, नंतरचे पाच महिने घराजवळच्या नोकरीत. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण इथलं बरंचसं या जातीच्या कुठल्याही हेडफोनला लागू पडेल.

पहिल्या दिवशी गाडी सुटल्यावर बटण दाबलं आणि चाकांची घरघर एकदम खाली बसली. पंख्याची घूं घूं बंद. आपण इतका वेळ दात आवळून बसलो होतो, हे तेव्हा कळलं. मात्र शेजारच्या दोघींच्या गप्पा तशाच ऐकू येत राहिल्या, उलट जरा जास्तच स्पष्ट. मला वाटलं हेडफोनमध्येच काही बिघाड आहे. बिघाड नव्हता, त्याचं काम तसंच चालतं. बाहेरच्या बाजूचे छोटे माइक येणारा आवाज टिपतात आणि आतलं सर्किट त्याच्या बरोबर उलटी लाट तयार करून कानात सोडतं. दोन्ही लाटा एकमेकींना खाऊन टाकतात. खालच्या पट्टीत एकसारखा चालणारा आवाज असेल तर हे छान साधतं. माणसाचं बोलणं, शिट्टी, दार आपटणं हे वरच्या पट्टीतले आणि क्षणाक्षणाला बदलणारे आवाज, तिथं ते कमी पडतं. ते आवाज अडवायचे ते कानाभोवतीच्या गादीनं, आणि ती अडवेल तेवढेच.

कल्पना जुनी आहे. पॉल ल्यूग या जर्मन माणसाला तिचं अमेरिकन पेटंट १९३६ साली मिळालं. स्पीकर-हेडफोन बनवणाऱ्या बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना १९७८ मध्ये विमानप्रवासात इंजिनाच्या आवाजापुढे हेडफोनवर काही धड ऐकू येईना, तिथून त्यांनी हे काम हाती घेतलं आणि १९८९ मध्ये त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात आला. विमानासाठी झालेली ही सोय आता रोजच्या प्रवाशाच्या गळ्यात आली आहे, आणि मला विचाराल तर खरी गरज त्यालाच आहे.

सगळ्यात मोठा फायदा कानांच्या तब्येतीला झाला. पूर्वी साध्या इअरफोनवर काही ऐकायचं तर गाडीच्या खडखडाटावर मात करायला आवाज वाढवत जायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो, पण ९० डेसिबल फक्त ४ तास. माझा प्रवासच आठवड्याला अठरा तासांच्या वर. म्हणजे आवाज चढा ठेवला की मर्यादा सोमवारीच जवळजवळ संपायची. घरघर कापली गेल्यावर आवाज निम्म्याच्या खाली ठेवूनही सगळं ऐकू यायला लागलं. संध्याकाळी घरी पोचल्यावर डोकं ठणकायचं, ते पहिल्या पंधरवड्यातच कमी झालं.

आता दोष. चष्मा असेल तर दुकानात चष्मा लावूनच घालून बघा. काडीमुळे गादी कानामागे किंचित उचलली जाते आणि त्या फटीतून नेमकी खालच्या पट्टीतली घरघर आत येते. मी शेवटी पातळ काड्यांची फ्रेम केली, तेव्हा फरक पडला. दाराशी उभं राहिलं की वारा माइकवर आदळतो आणि कानात फडफड होते. गादीवरचं काळं रेक्झिन घामानं अकराव्या महिन्यात सुटायला लागलं, त्याचे बारीक पापुद्रे गालाला चिकटायचे आणि ऑफिसात गेल्यावर कुणीतरी म्हणायचं, अगं, काजळ पसरलंय. बॅटरीबद्दल खोक्यावर ३० तास लिहिलेले, मला सुरुवातीला २४ मिळाले, वर्षानंतर १९. रोजच्या तीन तासांच्या वापराला तेही पुरतात.

पण ज्या दोषामुळे मी हे लिहायला बसले तो वेगळाच आहे.

साडेसातच्या सुमाराला, मी परतीच्या गाडीत असताना, मुलीचा फोन यायचा. ती सहावीत आहे. हेडफोनमध्ये तिचा आवाज इतका स्वच्छ यायचा की जणू मांडीला मांडी लावून बसली आहे. मी बोलायला लागले की म्हणायची, ‘आई, तुझ्याकडे किती आवाज आहे, काही कळत नाहीये.’ हेडफोन गोंगाट कापतो तो फक्त माझ्या कानासाठी. माझ्या बोलण्याबरोबर माइकमधून जो गोंगाट पलीकडे जातो तो गाळायची व्यवस्था निराळी असते, आणि या हेडफोनमध्ये ती अगदीच कमकुवत आहे. मी शांततेत, आणि तिच्या कानाशी अख्खी गाडी. एकदा तिचा अपूर्णांकांचा भागाकार अडला होता. दुसरा अपूर्णांक उलटा कर आणि गुणाकार कर, एवढंच सांगायचं होतं. तीनदा सांगितलं. डब्यातल्या चारजणींनी ऐकलं, तिला ऐकू गेलं नाही. ‘राहू दे, उद्या बाईंना विचारते,’ म्हणाली आणि फोन ठेवला. मी घरी पोचले तेव्हा वही दप्तरात गेली होती.

त्याच महिन्यात घरापासून वीस मिनिटांवरच्या एका छोट्या फर्मनं विचारलं होतं. पगार १८ टक्के कमी. मी नाही म्हणण्याच्या बेतात होते. त्या रात्री वही घेऊन बसले. आत्ताचा पगार १०० धरला. पास, बस, उशीर झाल्यावरची भाडी मिळून ६ जात होते, हातात ९४. जवळच्या नोकरीत ८२, त्यातला १ जाण्यायेण्याचा, हातात ८१. आता वेळ. कामाचे नऊ तास दोन्हीकडे तेच, पण दारातून निघून दारात परत येईपर्यंत इथं १२ तास ४० मिनिटं आणि तिथं ९ तास ४०. त्या मापानं तासाला मिळणारा पैसा जवळच्या नोकरीत जवळजवळ १३ टक्के जास्त निघाला. महिन्याच्या बावीस दिवसांचे वाचणारे तास ६६. नऊ तासांचा दिवस धरला तर सात दिवसांहून जास्त. इतकी वर्षं दुसऱ्यांचे हिशेब तपासणाऱ्या मला स्वतःचा हा ताळेबंद मांडायला इतके महिने लागले, याचं मला फार वाईट वाटलं.

तरीही हा आकडा एकट्यानं पुरत नाही. घराचा हप्ता महिन्याला जातो, तासाच्या दरानं नाही. शिवाय वाढ टक्क्यांत मिळते, त्यामुळे आजची तूट पुढच्या वर्षांत आणखी रुंदावते, निवृत्तीसाठी बाजूला पडणारी रक्कमही घटते. म्हणून लगेच हो म्हटलं नाही. नवरा म्हणाला, ‘आधी ८१ मध्ये राहून बघू.’ त्या फर्मकडून मुदत मागून घेतली आणि तीन महिने पगार झाला की १३ वेगळ्या खात्यात टाकले, त्यांना हात लावायचा नाही असं ठरवलं. पहिला महिना ओढाताणीत गेला, दुसऱ्यात दोन वर्गण्या बंद केल्या, तिसऱ्यात जमलं. लांबच्या आणि जवळच्या नोकरीत अडकलेल्या प्रत्येकाला मी हे करून बघायला सांगते. राजीनामा सहजी परत घेता येत नाही, खात्यात टाकलेले पैसे परत काढता येतात. तीन महिन्यांत नाहीच जमलं, तर लांबची नोकरी धरून ठेवण्यात काही चूक नाही. नोकरीची सुरुवात असेल, तिथं शिकायला मिळत असेल, बसायला जागा आणि वाचायला वेळ मिळत असेल, तर प्रवासाचा भार वेगळा लागतो हेही खरं.

त्या तीन महिन्यांत गाडीत याच विषयावरचं बरंच वाचून काढलं. २००४ मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि सहकाऱ्यांनी टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार बायकांना त्यांचा आदला दिवस तुकड्यातुकड्यानं आठवायला लावला होता, त्यात सकाळचा ऑफिसला जायचा प्रवास आनंदाच्या मापावर अगदी तळाला होता. अलोइस स्टुट्झर आणि ब्रूनो फ्राय या अर्थतज्ज्ञांनी २००८ मध्ये जर्मनीतल्या वर्षानुवर्षांच्या पाहण्यांवरून दाखवलं की लांबचा प्रवास करणारी माणसं आयुष्याबद्दल कमी समाधानी असतात, म्हणजे जादा पगारानं किंवा चांगल्या घरानं ती भरपाई पुरती होत नाही. पगार वाढला की त्याची सवय होते. गर्दीची सवय निदान मला तरी झाली नाही, रोज ती नव्यानं अंगावर यायची.

म्हणून या हेडफोनबद्दल एक गोष्ट घेणाऱ्याला आधी माहीत असावी. तो इतकं चांगलं काम करतो की प्रवास सोसवतो, आणि सोसवतो म्हणून प्रश्न पुढे ढकलला जातो. घेतला नसता तर मी बहुधा सहा महिन्यांतच हिशेब मांडला असता. वस्तूचा यात दोष नाही. पण तास परत मिळतील अशा आशेनं कुणी तो घेऊ नये.

आता मी पावणेसातला घरी असते. जुन्या डब्यातल्या मैत्रिणींची आठवण येते, त्यातल्या दोघींशी अजून बोलणं होतं. गाडीत ऐकायचे ते व्याख्यानांचे लांबलचक भाग आता ऐकून होत नाहीत, तेवढं सलग बसणं राहिलं नाही. साडेसातला मुलगी वही घेऊन समोर बसते, निम्मा वेळ अभ्यास सोडून बाकी सगळं बोलते. हेडफोन महिनाअखेरीला महिन्याचे हिशेब पुरे करताना ऑफिसात घालते. पाठीमागच्या यंत्राची आणि एसीची घरघर तो अजून तेवढ्याच नेमकेपणानं कापतो. गाद्या मागवून घरीच बदलल्या, जुन्या ओढून काढायच्या आणि नव्या खटकन बसवायच्या, दहा मिनिटांचं काम. पूर्वी दर आठ दिवसांनी चार्ज करायचे, आता महिन्यातून एकदा.

एकेरी प्रवास तासाच्या वर असेल तर जरूर घ्या. चष्मा लावून बघा, सुट्या गाद्या मिळतात का ते विचारा, आणि गोंगाटात उभं राहून त्यावरून घरी एक फोन लावून पलीकडच्याला नीट ऐकू येतंय का ते दुकानातच विचारून घ्या.