पारदर्शक विंडोचा रीड्रॉ बिघडतोय: लेयर्ड विंडो घ्यावी की डायरेक्टकॉम्पोझिशन?

विंडोजवर पारदर्शक विंडो सरकवली की मागे जुन्या चित्राचे ठिगळ उरतात. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी डब्ल्यूएस_ईएक्स_ट्रान्सपरंट या विंडो-स्टाइलकडे जातो. त्या वाटेला जाऊ नका. ती स्टाइल फक्त खालच्या भावंड विंडोंना आधी रंगून घेऊ देते. पुढे खालचं चित्र बदललं तरी तुमच्या विंडोत जुनंच दिसत राहतं. मग विंडो पुन्हा रंगवायला लावणाऱ्या इनव्हॅलिडेटरेक्टचा मारा सुरू होतो आणि फ्लिकर, म्हणजे चित्राची लुकलुक, वाढतो.

त्याऐवजी लेयर्ड विंडो घ्या, म्हणजे डब्ल्यूएस_ईएक्स_लेयर्ड स्टाइल लावलेली विंडो; तिच्यासाठी दोन फंक्शन्स आहेत. अख्खी विंडो सारखीच फिकी हवी असेल तर सेटलेयर्डविंडोॲट्रिब्यूट्स पुरे. डब्ल्यूएम_पेंटचा (विंडो रंगवायला सांगणाऱ्या मेसेजचा) कोड तसाच राहतो, काम दोन ओळींत उरकतं. त्यातली कलर-की, म्हणजे एक ठरावीक रंग पूर्ण पारदर्शक करणं, मात्र मला आवडत नाही: अँटी-अलायझिंग केलेल्या (मऊ केलेल्या) कडांना त्या रंगाची झालर राहतेच.

गोल कडा, सावली, पिक्सेलगणिक वेगळी पारदर्शकता हवी असेल तर अपडेटलेयर्डविंडो. इथे डब्ल्यूएम_पेंट नाहीच. ३२ बिटांचा तयार बिटमॅप द्यायचा, त्यामुळे अर्धवट रंगलेली विंडो कधी दिसत नाही. रंग मात्र अल्फाने, म्हणजे पिक्सेल किती अपारदर्शक आहे त्या आकड्याने (० ते २५५), आधीच गुणलेले हवेत. अर्धा पारदर्शक लाल म्हणजे अल्फा १२८ आणि लालही १२८. २५५ ठेवलात तर कडा भडक दिसतात. जीडीआयने (विंडोजच्या जुन्या चित्रण-लायब्ररीने) लिहिलेला मजकूर अल्फा शून्य करून ठेवतो, म्हणून अक्षरांच्या जागी भोकं पडतात; मजकुरासाठी जीडीआय प्लस किंवा डायरेक्ट२डी या नव्या लायब्ररी वापरा. चाइल्ड कंट्रोल्स (विंडोतल्या छोट्या विंडो) दिसत नाहीत, बटणंसुद्धा स्वतःच रंगवा. आणि त्या विंडोवर सेटलेयर्डविंडोॲट्रिब्यूट्स एकदा वापरलं असेल, तर लेयर्ड स्टाइल काढून पुन्हा लावेपर्यंत अपडेटलेयर्डविंडो फेलच होतं. यात बराच वेळ जातो, कारण स्टाइल तर जागेवरच दिसत असते.

मोठ्या विंडोत सतत ॲनिमेशन असेल तर दर फ्रेमला अख्खा बिटमॅप ढकलणं जड जातं. अपडेटलेयर्डविंडोइनडायरेक्टला फक्त बदललेला आयत देता येतो, तेवढ्याने भागलं तर उत्तम. नाहीतर विंडोज ८ पासून मिळणारं डायरेक्टकॉम्पोझिशन, म्हणजे ग्राफिक्स चिपकडून चित्रांचे थर जुळवून घेणारी सोय: विंडो तयार करतानाच डब्ल्यूएस_ईएक्स_नोरीडायरेक्शनबिटमॅप लावायचं आणि क्रिएटस्वॅपचेनफॉरकॉम्पोझिशनने स्वॅपचेन (आळीपाळीने दाखवायच्या फ्रेम्सचा संच) घ्यायची. काम जीपीयूवर (ग्राफिक्स चिपवर) जातं, पण डायरेक्ट३डी या ग्राफिक्स लायब्ररीचा सगळा संसार मांडावा लागतो. छोट्या नोटिफिकेशनसाठी मी तो मांडणार नाही.

क्लिकचंही आधीच ठरवा. अपडेटलेयर्डविंडोत अल्फा शून्य असलेल्या पिक्सेलवरची क्लिक आपोआप खाली जाते. डायरेक्टकॉम्पोझिशनमध्ये रिकामी दिसणारी जागाही क्लिक अडवते. तिथे डब्ल्यूएम_एनसीहिटटेस्टला (माउस विंडोच्या कुठल्या भागावर आहे ते विचारणाऱ्या मेसेजला) एचटीट्रान्सपरंट उत्तर देऊन सुटका नाही, त्याने क्लिक फक्त त्याच थ्रेडच्या विंडोंपर्यंत पोचते, दुसऱ्या प्रोग्रामच्या विंडोंपर्यंत नाही.