नौपाड्यातील दोन शनिवार: कार्यालयीन राजकारणावरील एका कार्यशाळेविषयी

कार्यालयातील राजकारण पैसे भरून शिकता येते, हे मला वर्षभरापूर्वी कोणी सांगितले असते तर मी ते हसण्यावारी नेले असते. कारण रबाळे एमआयडीसीतील एका अभियांत्रिकी कारखान्याच्या खरेदी विभागात १४ वर्षे काढलेल्या माणसाला हे शिक्षण विनामूल्य आणि भरपूर मिळालेले असते. तरीही गेल्या पावसाळ्यात ठाण्यातील नौपाड्यात दोन शनिवार चाललेल्या एका कार्यशाळेला मी गेले. शुल्क ४,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ४,७२० रुपये होते. शिकवणे मराठीतून होते, हे मुख्य आकर्षण. महिन्यातील दुसरा आणि चौथा शनिवार निवडलेला असल्यामुळे बँकेतील मंडळींची सोय झाली. आम्हा कारखान्यातील लोकांना मात्र दोन रजा टाकाव्या लागल्या.

पहिल्या दिवशी सकाळी प्रत्येकाला एक कोरा कागद देऊन दोनच प्रश्न विचारण्यात आले: काम अडले की तुम्ही कोणाकडे जाता, आणि मनातली गोष्ट विश्वासाने कोणाला सांगता? कागदावर नावे लिहायची आणि पहिल्या प्रश्नासाठी निळा, दुसऱ्यासाठी लाल बाण काढायचा. ही कल्पना डेव्हिड क्रॅकहार्ट आणि जेफ्री हॅन्सन यांनी १९९३ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये मांडली होती, हे प्रशिक्षकांनी प्रांजळपणे सांगितले. अधिकारपदांचा तक्ता वेगळा आणि सल्ल्याचे, विश्वासाचे व रोजच्या बोलण्याचे जाळे वेगळे, असा त्या मांडणीचा गाभा आहे. ऐकायला हे साधे वाटते. पण माझ्या कागदावरील निळ्या बाणांपैकी निम्मे बाण आमच्या स्टोअरमधील एका ज्येष्ठ कारकुनाकडे गेले आणि माझ्या विभागप्रमुखांच्या नावाकडे एकही बाण गेला नाही, तेव्हा मी तो कागद शेजारच्या बाईंना दिसू नये म्हणून चक्क वहीखाली सरकवला. ज्यांना मी इतकी वर्षे ‘राजकारणी’ म्हणत आले, त्यांच्याकडे बहुधा हा नकाशा पाठ होता आणि माझ्याकडे नव्हता, एवढाच फरक असावा, असे त्या सकाळी प्रथम वाटले.

त्यानंतर जेराल्ड फेरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेली, कार्यालयीन राजकारणातले कौशल्य मोजणारी १८ विधानांची चाचणी आमच्याकडून भरून घेतली. माणसे ओळखण्याची नजर, समोरच्यावर प्रभाव पाडण्याची हातोटी, ओळखी जोडणे आणि ‘दिसणारा प्रामाणिकपणा’ असे तिचे चार भाग आहेत. चौथे नाव ऐकताच सभागृहात हशा पिकला. आपण प्रामाणिक असणे पुरेसे नसते, समोरच्यालाही तसे वाटावे लागते, असा खुलासा झाला खरा; परंतु अशा विषयात स्वतःच स्वतःला गुण देण्याच्या चाचणीवर माझा फारसा विश्वास बसला नाही.

कार्यशाळेचा खरा कस दुपारच्या सत्रात दिसला. माणूस बैठकीत जी भूमिका घेतो ती एक गोष्ट आणि त्या भूमिकेमागे त्याची जी गरज असते ती दुसरी. भूमिकेशी भांडण होते, गरजेशी बोलता येते, हे सूत्र वाटाघाटींच्या शास्त्रातले जुनेच आहे. प्रशिक्षकांनी त्याला जोडून एक गृहपाठ दिला: पुढील पंधरवड्यात ज्या बैठकीत विरोध होणार हे ठाऊक आहे, त्या बैठकीच्या आधी विरोध करणाऱ्याच्या टेबलापाशी जायचे आणि आपला प्रस्ताव पुढे न करता फक्त त्याची अडचण विचारायची.

माझ्यासमोर असा प्रसंग तयारच होता. ओतकामाचे सुटे भाग देणारा नवा पुरवठादार आणण्याचा माझा प्रस्ताव गुणवत्ता विभागाने दोनदा परत पाठवला होता, आणि जुन्या पुरवठादाराशी त्यांचे काही साटेलोटे असावे, अशी आमच्या विभागात कुजबुज होती. त्या कुजबुजीत मीही भर घातली होती, हे येथे लपवत नाही. मी गेले, चहा मागवला आणि विचारले. ते साहेब म्हणाले, “मॅडम, नवा पुरवठादार तुम्ही आणता, पण त्याच्या पहिल्या तीन लॉटची शंभर टक्के तपासणी आमच्या दोन पोरांना करावी लागते. ओव्हरटाइम लावला की वरून मलाच विचारणा होते.” इतक्या वर्षांत हे मला कोणी सांगितले नव्हते, कारण मी कधी विचारलेच नव्हते. पहिल्या तीन लॉटच्या तपासणीचा ओव्हरटाइम खरेदी विभागाच्या खर्चात धरावा, असे एक वाक्य मी प्रस्तावात घातले आणि तिसऱ्या खेपेला तो दहा मिनिटांत मंजूर झाला. ४,७२० रुपयांची वसुली माझ्यापुरती तेथेच झाली.

दुसरा शनिवार त्या मानाने फिका होता. ईमेल लिहिण्याचा सराव तेवढा उपयोगी ठरला. ‘आपणांस यापूर्वीच कळविल्याप्रमाणे’ ही सुरुवात म्हणजे वरिष्ठांना प्रत पाठवून मारलेली चपराक असते, हे उदाहरणासह पाहिल्यावर माझ्याच जुन्या पत्रांची मला आठवण झाली. बाकी ‘आपले काम लोकांच्या नजरेत कसे आणावे’ यावरचे दोन तास वाया गेले.

एक गोष्ट मात्र मला गंभीर वाटली. प्रश्नोत्तरांत एका तरुण मुलीने वरिष्ठांनी अंगचटीला येण्याविषयी आणि अश्लील शेरे मारण्याविषयी विचारले, तेव्हा तिलाही विश्वासातली माणसे जोडण्याचा, योग्य वेळेची वाट पाहण्याचा सल्ला देण्यात आला. हे राजकारण नव्हे, हा छळ आहे. त्यासाठी कामाच्या ठिकाणी महिलांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे आणि दहा किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती असणे त्याने बंधनकारक केले आहे. लेखी तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करायची असते, आणि पुरेसे कारण असेल तरच समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. म्हणजे ‘योग्य वेळेची वाट’ पाहण्यात त्या मुलीचा हक्कच बुडण्याचा धोका होता. चहाच्या सुट्टीत मी तिला हे सांगितले आणि अभिप्रायाच्या अर्जावर सविस्तर लिहिलेही. आयोजकांकडून अद्याप उत्तर आलेले नाही.

याच त्रुटीची दुसरी बाजू अशी की, सगळी उदाहरणे कायम नोकरीतल्या, टेबलाशी बसणाऱ्या माणसांची होती. कंत्राटी कामगाराने किंवा नव्याने लागलेल्या प्रशिक्षणार्थ्याने कोणाच्या टेबलापाशी जाऊन अडचण विचारायची, याचे उत्तर दोन दिवसांत मिळाले नाही.

सभागृह स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, त्यामुळे ऐरोली-घणसोलीकडून येणाऱ्यांना ट्रान्स-हार्बर लोकल सोयीची पडते. वातानुकूलन इतके तीव्र होते की दुपारपर्यंत निम्म्या बायकांनी ओढण्या आणि पदर कानांवरून घेतले होते. जेवणातली मिसळ बरी होती. ठाण्यात असूनही तिला नुसते ‘बरी’ म्हणावे लागते, याला मी उणीव समजते.

आमच्या विभागात नुकत्याच लागलेल्या मुलाला मी पहिल्या शनिवारी नक्की पाठवीन. चौकशी केली तेव्हा कळले, की दोन्ही दिवसांचे शुल्क एकत्रच भरावे लागते.