गोदाकाठी हायब्रिड: सायकल चांगली, व्हॉल्व्ह भिकार

सर्व्हिस सेंटरचा शेवटचा मेल परवा आला. मागच्या चाकाच्या तुटलेल्या तारा वॉरंटीत बसत नाहीत, कारण 'ग्राहकाने रिममध्ये परस्पर बदल केला आहे'. बदल कोणता, तर हवा भरायच्या व्हॉल्व्हचं छिद्र मी दोन मिलिमीटरनं मोठं करून घेतलं. तारा तुटल्या त्या हबपाशी, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यापाशी, वाकणात, फ्रीव्हीलच्या (साखळीच्या दातेरी चक्रांच्या) बाजूच्या. छिद्र आहे रिमला. दोन्हींचा एकमेकांशी काय संबंध, हे मी फोटोवर बाण काढून विचारलं. उत्तर आलं, 'आपली तक्रार बंद करण्यात आली आहे.' बरं. मग इथे उघडतो.

मॉडेलचं नाव घेत नाही. पंचवीस-तीस हजारांतल्या सगळ्या हायब्रिड, म्हणजे रेसच्या आणि डोंगरी सायकलीच्या मधल्या, उन्नीस-बीस सारख्याच: अॅल्युमिनियमची फ्रेम, ७०० बाय ३८ चे टायर, पुढे तीन, मागे आठ गिअर, केबलवर चालणारे डिस्क ब्रेक. ते तुम्हाला पाठ असेल. सायकल चालते कुठे ते मात्र सांगायला हवं, कारण कसारा घाट चढणाऱ्याच्या आणि माझ्या गरजा वेगळ्या.

मी नाशिकहून संभाजीनगर रस्त्यानं निघतो. शिलापूर, लाखलगाव करत चांदोरीपर्यंत ट्रक आणि कांद्याचे टेम्पो अंगावर येतात, तेवढा तुकडा रहदारी वाढायच्या आत उरकायचा. चांदोरीला वळून गोदावरीचा पूल ओलांडला की सायखेडा. तिथून पुढे भेंडाळी, म्हाळसाकोरे, मांजरगाव, चापडगाव, खानगाव थडी अशी गावं जोडणारे एका गाडीच्या रुंदीचे रस्ते. दोन्ही बाजूंना ऊस, कांदा, द्राक्षबागा. चढ म्हणावा तर फक्त पुलाचा. तासभरात दोन मोटरसायकली आणि एखादा दुधाचा टेम्पो, एवढीच रहदारी. अपवाद कारखान्याच्या हंगामाचा. तेव्हा उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर समोरून आला की सायकल मुकाट्यानं साइडपट्टीवर घ्यायची, हुज्जत घालायची नाही.

हा मुलूख इतका सपाट का, तर नदीनं आणलेल्या गाळामुळे. गोदावरी आणि कादवेच्या संगमापाशी इंग्रजांच्या काळात नांदूर मधमेश्वरचा बंधारा बांधला तो पाट काढायला. डावा आणि उजवा पाट इथूनच निघतात आणि कोपरगावकडे जातात. शंभर वर्षांत बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, मध्ये बेटं झाली, पाणकणीस माजलं. पाटबंधारेवाल्यांची डोकेदुखी पक्ष्यांच्या पथ्यावर पडली. १९८६ मध्ये अभयारण्य झालं आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून नाव जाहीर झालं. सायकलवाल्याला या गाळाचा फायदा आणि तोटा दोन्ही मिळतात. उन्हाळ्यात सपाट रस्ता, पावसाळ्यात काळा चिकण चिखल.

पण चिखल परवडला. इथला खरा वैरी काटा.

पाटाच्या भरावावर बाभूळ आहे. शेळ्यांसाठी फांद्या तोडतात, पाला शेळ्या खातात, काटे रस्त्यावर राहतात. पावसाळा सरला की कडेचा सराटा वाळतो. त्याची फळं कशीही पडली तरी एक काटा वर असतोच. बाभळीचा काटा एक भोक पाडतो आणि मोकळा होतो. सराट्याच्या पट्ट्यातून गेलं की एकाच ट्यूबला चार-पाच बारीक भोकं, तीही संध्याकाळपर्यंत कळत नाहीत. पंक्चर होणारच, त्याबद्दल कंपनीला दोष देत नाही. माझं भांडण पंक्चर काढल्यानंतरचं आहे.

या सायकलला प्रेस्टा व्हॉल्व्ह येतो. बारीक, लांब, टोकाला इवलीशी चकती फिरवून सैल करायची. मुळात तो आला रेसच्या सायकलींसाठी. तिथे रिम अरुंद, मोठं भोक पाडलं तर ताकद जाते, आणि हवेचा दाब भरपूर. माझी रिम चांगली रुंद, टायर ३८ मिलिमीटरचा, हवा पन्नास-पंचावन्न पीएसआय. इथे हा व्हॉल्व्ह कशासाठी? कॅटलॉगमध्ये सायकल महाग दिसावी म्हणून, दुसरं कारण मला तरी सुचत नाही.

म्हाळसाकोऱ्याच्या पुढे फाट्यावर एक पंक्चरचं दुकान आहे. बाहेर ट्रॅक्टरचा टायर टांगलेला, आत कॉम्प्रेसर, पाण्याची घमेली. दुकानातल्या पोरानं पाच मिनिटांत टायर उतरवला, काटा पक्कडीनं ओढला, ट्यूब घासून पॅच बसवला. हात असा की बघत राहावं. मग हवेची नळी हातात घेतली आणि थांबला.

"काका, याचा वॉल तुटलाय का?"

"नाही रे, असाच असतो."

"मंग हवा कुठून भरायची?"

मी खिशातलं पितळी नोझल काढून दिलं. चाळीस रुपयांची वस्तू, व्हॉल्व्हवर चढवली की मोटरसायकलची नळी लागते. तात्पर्य, तीस हजारांच्या सायकलला चाळीस रुपयांची कुबडी. ते नीट बसलं नाही तर फुस्स आवाज करत भरलेली हवाही बाहेर. त्या दिवशी पोरानं नळी जरा जोरात दाबली आणि आतली दांडी वाकली. नवी ट्यूब टाकली. ती सायखेड्यात मिळत नाही, निफाडला मिळाली नाही, नाशिकमध्येही दोन दुकानं फिरल्यावर मिळते, तीही साध्या ट्यूबच्या दुपटीनं. म्हणून घरून जास्तीची न्यायची. शिवाय छोटा हातपंप न्यायचा, त्यानं मागचं चाक कडक करेपर्यंत दंडाचे गोळे दुखतात. नोझल हरवतं ते वेगळंच. हाताच्या नखाएवढी वस्तू, काळ्या मातीत पडली की संपली.

गावातली जुनी काळी सायकल बघा. तिच्या व्हॉल्व्हचं रबर गेलं तर पानटपरीवरही मिळेल. मोटरसायकलचा व्हॉल्व्ह तर प्रत्येक फाट्यावर चालतो. या दोन्ही सोयी आपण पैसे मोजून गमावायच्या!

शेवटी सायखेड्यातल्या एका वेल्डिंगच्या दुकानात दोन्ही रिमची भोकं साडेसहाची साडेआठ मिलिमीटर करून घेतली. ड्रिल मारलं, कानशीनं कडा घासल्या, बोट फिरवून खरखर लागत नाही ना ते बघितलं. वीस रुपये. मोटरसायकलसारख्या व्हॉल्व्हच्या साध्या ट्यूब टाकल्या. सोबत जुन्या ट्यूब उभ्या चिरून, व्हॉल्व्ह कापून, टायर आणि नव्या ट्यूबच्या मध्ये अस्तर म्हणून बसवल्या. वजन थोडं वाढलं, पण माझं चौऱ्याऐंशी किलो असताना सायकलच्या दोनशे ग्रॅमचं काय कौतुक? सराटे अस्तरात अडकू लागले. बाभूळ अजूनही आरपार जाते, पण आता कुठल्याही फाट्यावर दहा मिनिटांचं काम. त्यानंतर सायकल मला मनापासून आवडायला लागली, हे कबूल.

आता डिस्क ब्रेक. सुरुवातीला मी त्यांना शोभेची चकती म्हणायचो. सपाट रस्त्यावर थांबायचं ते बहुधा म्हशींसाठी, त्याला डिस्क कशाला? हे मत पावसाळ्यात बदललं. मांजरगावाकडून पाटाच्या कच्च्या रस्त्यानं आम्ही दोघं जात होतो. मित्राच्या सायकलला रिमवर दाबणारे ब्रेक. शंभर पावलांत ब्रेक आणि टायरच्या मध्ये काळी माती अशी ठासून बसली की चाक फिरेना. तो काटकीनं माती उकरत बसला. माझं चाक फिरत होतं, मडगार्ड काढून ठेवलेलं म्हणूनही असेल. अर्थात पाठीवर चिखलाचा पट्टा घरापर्यंत आला आणि त्यावरून घरी जे ऐकलं ते इथे देत नाही.

डिस्कचा दुसरा गुण तारा तुटल्या तेव्हा कळला. खानगाव थडीच्या अलीकडे एक 'टिंग' झालं, थोड्या वेळानं दुसरं. चाक डुगडुगायला लागलं. रिमवरचे ब्रेक असते तर दर फेऱ्याला घासले असते, ब्रेक सोडून ठेवावे लागले असते. इथे तसं काही नाही. तुटलेल्या तारा शेजारच्या तारांना गुंडाळल्या, कॅरिअरवरची द्राक्षांची पिशवी पाठीवर घेतली आणि हळूहळू नाशिक गाठलं. वाटेत तार बदलता आली नाही, कारण फ्रीव्हील न काढता त्या बाजूची तार आत जात नाही आणि फ्रीव्हील काढायचं हत्यार फाट्यावरच्या दुकानात नसतं. पुढच्या वेळी ते हत्यार आणि दोन तारा सीटच्या नळीत ठेवून निघणार आहे.

जुन्या नाशकातल्या माझ्या सायकल मिस्त्रींचं म्हणणं, कारखान्यातून चाक आलं तेव्हाच तारांचा ताण सारखा नव्हता. बोटानं एकेक तार छेडून त्यांनी मला ऐकवलं: एकीचा आवाज टणक, शेजारचीचा ढब्ब. हेच मी कंपनीला लिहिलं. कंपनीनं छिद्राकडे बोट दाखवलं. चाक पुण्याला पाठवा, जाण्या-येण्याचा खर्च तुमचा, तपासणीनंतर ठरवू, असंही मध्ये एकदा आलं होतं. तेवढ्या भाड्यात याच मिस्त्रींनी मागचं चाक पूर्ण उसवून बत्तीसच्या बत्तीस तारा नव्या, जाड घालून दिल्या. त्यानंतर आजतागायत आवाज नाही.

बाकीचं पटकन. पुढच्या तीन चकत्यांपैकी सर्वांत छोटी मी फक्त सायकल धुताना बघतो. आषाढात नाशिककडे परतताना पश्चिमेचा वारा तोंडावर असतो, तेव्हाही मधली पुरते. सीट पहिल्याच आठवड्यात बदलली. स्टँड आणि कॅरिअर कंपनी देत नाही. बसवा, त्यावर वाद नको. स्टँड नसेल तर सायकल टेकवायला इथे बाभूळच मिळते आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे. थंडीत हातमोजे न्या. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला निफाडचा पारा दर हिवाळ्यात बातमीत असतो तो उगाच नाही.

दिवा चांगला घ्या, पण अंधारात उसाच्या कडेनं एकटं जायचं टाळाच. चहाच्या टपरीवर एका बाबांनी मला चांगलं झापलं होतं, "अहो, बिबट्या फिरतोय इकडं, अन् तुम्ही सायकलवर वाकून चाललाय!" चांदोरीचा तुकडा उरकायची माझी घाई तेव्हापासून निम्मी झाली. उजाडू लागलं की निघतो, चार ट्रक जास्त सोसतो. आणि पावसाळ्यात गंगापूर, दारणा धरणांतून पाणी सोडल्याची बातमी असेल तर जाऊच नका. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये सायखेडा-चांदोरीत पाणी शिरलं होतं.

सायकलचा एक गुण कुठल्याच कॅटलॉगमध्ये नाही: ही गप्प चालते. पायडल थांबवलं तर फ्रीव्हीलची बारीक टिकटिक, पायडल मारत राहिलं तर तीही नाही. चापडगावच्या बाजूला पाण्यालगत हळू गेलं की जांभळी पाणकोंबडी पाणकणसातून बाहेर येते, लांब लाल बोटांत देठ धरून सोलते, आपल्याकडे एकदा बघते आणि परत खायला लागते. चारचाकीचं दार वाजलं की हीच आत पळते. हिवाळ्यात चक्रवाक, थापट्या, तलवार बदकं दूर पाण्यावर असतात, त्यांना दुर्बीण लागते. पाणकोंबडीला मात्र सायकलच पुरते. वनखात्याच्या गेटवर तिकीट काढा, गाइड घ्या, गावातलीच पोरं आहेत आणि त्यांची नजर आपल्या दुर्बिणीपेक्षा तेज.

घ्यावी का? सपाट, कमी रहदारीच्या रस्त्यांसाठी घ्या. फक्त दुकानातून बाहेर पडण्याआधी व्हॉल्व्ह बघा आणि जाड व्हॉल्व्हची रिम द्या म्हणून अडून बसा. नाही म्हणाले तर बिलातून हजार कमी करायला लावा. वॉरंटी कार्ड जपून ठेवायची गरज नाही.

माझ्याकडे प्रेस्टाच्या दोन ट्यूब पडून आहेत, एकीची पेटीसुद्धा उघडलेली नाही. नाशिक, ओझर, निफाडकडे कुणाला हव्या असतील तर अर्ध्या किमतीत देईन. नोझल मागू नका, ते हरवलं.