हेवी डिपॉझिटवर रूम घेताय? पैसे देण्याआधी हे वाचा

मुंबईत कमी बजेटमध्ये घर शोधणाऱ्याला एजंटकडून एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, "महिन्याचं भाडं जड जात असेल तर हेवी डिपॉझिटवर देतो ना!" म्हणजे मालकाला पाच-सात लाख रुपये एकरकमी द्यायचे, भाडं शून्य, आणि मुदत संपली की सगळी रक्कम परत. या व्यवहारात आमच्या घरचे 6 लाख रुपये गेले. ज्याला आम्ही मालक समजून पैसे दिले तो मालक नव्हताच. तो स्वतः त्याच रूमचा भाडेकरू होता. आमच्यासारखी आणखी कुटुंबं यात अडकलेली मी पोलीस ठाण्याच्या बाकावर पाहिली आहेत, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आम्ही विक्रोळी पूर्वेला कन्नमवार नगरमध्ये बरीच वर्षं भाड्याने राहत होतो. म्हाडाच्या जुन्या चार मजली बिल्डिंगा, वन रूम किचन, मुलांची शाळा चालत जाण्याच्या अंतरावर. मग आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. अशा वेळी रूममालकाला बिल्डरकडून भाडं सुरू होतं, भाडेकरूने मात्र फक्त रूम खाली करायची असते. त्यात खाली झालेल्या सगळ्याच कुटुंबांना शाळेमुळे त्याच भागात राहायचं असतं, त्यामुळे आजूबाजूच्या रूमची भाडी बघता बघता चढतात. जी रूम आम्हाला परवडायची तिचं भाडं 18,000 झालं होतं. सासऱ्यांच्या फंडाचे 4 लाख आणि आमची 2 लाखांची एफडी होती. भाड्याचे पैसे तर पाण्यातच जातात, डिपॉझिट निदान आपलं आपल्याला परत मिळतं, असा विचार घरात झाला. चार पैसे गाठीला बांधून राहणाऱ्या कुठल्याही घरात हाच विचार होतो आणि फसवणारे नेमके त्यावरच टपलेले असतात.

एजंटने जवळच्याच बिल्डिंगमधली रूम दाखवली. 'मालक' चाळिशीचा, बोलायला अदबशीर. वीजबिल आणि सोसायटीचं मेंटेनन्स बिल एका बाईंच्या नावावर होतं. तो म्हणाला, "ही माझी मावशी. गावी असते, वय झालंय. तिचं सगळं मीच बघतो." सोबत कुलमुखत्यारपत्राची, म्हणजे मावशीच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार देणाऱ्या कागदाची झेरॉक्स होती, नोटरीच्या शिक्क्याची. बाथरूमचा नळ गळतोय म्हटल्यावर दुसऱ्याच दिवशी तो स्वतः प्लंबरला घेऊन आला आणि खिशातून पैसे दिले. माझ्या सासूबाई म्हणाल्या, असा मालक नशिबाने मिळतो.

दोन वर्षांसाठी 6 लाख ठरले. निम्मे बँकेतून, निम्मे रोख. बँकेतले पैसे त्याने बायकोच्या खात्यावर मागवले, "माझ्या खात्यावर कर्जाचे हप्ते कटतात" असं सांगून. करार 500 रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर, खाली नोटरी. रजिस्टर करूया म्हटलं तर म्हणाला, "ताई, डिपॉझिट मोठं आहे, स्टॅम्प ड्युटी फुकटची भरावी लागेल. नोटरी पण कायदेशीरच असते." एजंटने मान डोलावली आणि दलालीचे 20,000 रुपये घेतले. जाता जाता तो माणूस आणखी एक गोष्ट बोलला. "सोसायटीत कोणी विचारलं तर माझी बहीण म्हणून सांगा, नाहीतर मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटीवाले नॉन-ऑक्युपन्सी चार्ज लावतात."

त्या एका वाक्यात त्याचा सगळा डाव होता, हे पुढे कळलं.

काही महिने सुरळीत गेले. मग एका रविवारी सकाळी दारात साधारण सत्तरीच्या बाई आणि त्यांचा मुलगा उभे. "तुम्ही कोण? आणि माझ्या रूममध्ये कशा?" मी म्हटलं, आम्ही इथे डिपॉझिटवर राहतो, तुमच्या भाच्याने दिलीय. त्या म्हणाल्या, "कसला भाचा? मी रूम त्याला भाड्याने दिलीय. त्याने तीन महिने पैसे टाकले नाहीत म्हणून आलेय."

आम्ही दोघींनी आपापले कागद टीपॉयवर ठेवले. त्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर भाड्याने देण्याचा करार रजिस्टर केलेला होता. त्यावर दस्त क्रमांक, दोन्ही पक्षांचे फोटो, अंगठ्याचे ठसे, मागे सूची क्रमांक 2, म्हणजे नोंदणीचा सरकारी उतारा जोडलेला. लायसन्सी, म्हणजे भाडेकरू म्हणून जो फोटो होता तो आमच्या 'मालकाचा'. भाडं 18,000, डिपॉझिट 75,000. आमच्या कागदावर नोटरीचा लाल गोल शिक्का, तिकीट आणि त्याच माणसाची सही, पण 'मालक' या शब्दाखाली. रूम नंबर दोन्हीकडे तोच. बाई डोंबिवलीला मुलाकडे राहतात, कुठल्या गावी वगैरे नव्हत्याच.

आता हा प्रकार चालतो कसा ते नीट समजून घ्या, कारण समजलं की ओळखता येतं. तो माणूस खऱ्या मालकाकडून रीतसर रूम भाड्याने घेतो. त्याचा करार खरा, पोलीस व्हेरिफिकेशन खरं, सोसायटीत नोंद खरी. मग तीच रूम तो आपली म्हणून हेवी डिपॉझिटवर देतो आणि मिळालेल्या लाखांतूनच दर महिन्याला मालकाला भाडं पाठवत राहतो. आमचं भाडं आमच्याच पैशातून, त्याच्या हातून जात होतं. मालकिणीच्या खात्यात वेळेवर पैसे पडतात म्हणून ती फिरकत नाही. आम्हाला भाडंच द्यायचं नसतं म्हणून मालकाशी संबंध येत नाही. आणि आम्ही सोसायटीला 'बहीण' असतो, म्हणून सेक्रेटरी काही विचारत नाही. तिघेही एकमेकांशी बोलत नाहीत, आणि त्याला तेवढंच हवं असतं. पुढे त्याने भाडं थांबवलं तरी मालकिणीकडे त्याचे 75,000 असतात, त्यातून वळते करून घेऊ म्हणून तीही दोन-तीन महिने गप्प बसते. तेवढ्यात हा नंबर बदलून मोकळा.

हिशोब करा. 18,000 प्रमाणे वर्षाचं भाडं 2,16,000. ते सोडून मालक तुमच्याकडून 6 लाख वापरायला घेतो, म्हणजे वर्षाला 36 टक्के दराने कर्ज काढल्यासारखं झालं. तेच 6 लाख त्याने 7 टक्क्यांच्या एफडीत ठेवले तर महिन्याला मिळणार 3,500. खराखुरा मालक असा घाट्याचा सौदा का करेल? घरातलं आजारपण, लग्न, अंगावर आलेलं कर्ज, अशी निकड असणारे काही प्रामाणिक मालकही असतात, मी नाही म्हणत नाही. पण ती निकड काय हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि अशा मालकाकडून डिपॉझिट वेळेवर परत येईल का हाही प्रश्न उरतोच. माझं स्पष्ट मत विचाराल तर ज्यांची सगळी पुंजी तेवढीच आहे त्यांनी हेवी डिपॉझिटच्या वाटेला जाऊच नये.

स्टॅम्प ड्युटीचं त्याने सांगितलेलं कारण तर धडधडीत खोटं होतं. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क 0.25 टक्के आहे. ते मुदतीतल्या एकूण भाड्यावर आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटच्या वार्षिक 10 टक्के रकमेवर लागतं. 6 लाखांचे 10 टक्के 60,000, दोन वर्षांचे 1,20,000, त्याचे पाव टक्का म्हणजे 300 रुपये. मुंबईत नोंदणी फी 1,000. करार ऑनलाइन होतो, माणूस अंगठ्याचे ठसे घ्यायचं मशीन घेऊन घरी येतो, त्याची सेवा फी वेगळी. म्हणजे 6 लाख सुरक्षित करायला दोन-तीन हजारांच्या आत काम होतं. नोटरी फक्त समोर बसलेल्या माणसाने सही केली एवढंच बघतो. घर कोणाचं आहे हे तो तपासत नाही, ते त्याचं कामही नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं आधी ग्राह्य धरतात, असंही त्यात आहे. एजंट याचाच आधार घेऊन "काही होत नाही, कायदा तुमच्या बाजूने" म्हणतात. पण ते संरक्षण खऱ्या मालकासमोर. ज्याचं घरच नाही त्याच्यासमोर ते काय कामाचं?

नॉन-ऑक्युपन्सी चार्जची भीतीही तशीच. सोसायटीला तो सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. म्हणजे महिन्याला अगदी किरकोळ रक्कम, आणि तीही मालकाच्या बिलात लागते. तेव्हा कोणी तुम्हाला 'नातेवाईक म्हणून सांगा' म्हटलं की तिथेच थांबा. उलट टोकन देण्याआधी सोसायटीच्या ऑफिसात जा आणि सेक्रेटरीला दोनच प्रश्न विचारा. शेअर सर्टिफिकेट, म्हणजे या रूमचा सभासद कोण हे दाखवणारा सोसायटीचा कागद, कोणाच्या नावावर आहे? आणि या रूममध्ये सध्या भाडेकरू म्हणून कोणाची नोंद आहे? आमच्या बाबतीत दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या रजिस्टरमध्ये स्वच्छ लिहिलेलं होतं. मालक बाहेरगावी आहे असं सांगितलं तर व्हिडिओ कॉलवर बोलणं करून द्या म्हणा, आधार कार्ड आणि बिलावरचं नाव जुळवून बघा. कुलमुखत्यारपत्र असेल तर ते देणाऱ्याशी स्वतः बोला, झेरॉक्सवर जाऊ नका. पैसे फक्त त्याच नावाच्या खात्यावर टाका ज्याच्या नावावर घर आहे. बायको, भाऊ, मेहुणा कोणीही चालणार नाही. आणि मुंबई पोलिसांच्या संकेतस्थळावर भाडेकरूची माहिती भरली की तिची प्रत मागून घ्या. आम्हाला "भरलीय" असं सांगितलं होतं, ती आमच्या नावाने कधी भरलीच नव्हती.

पोलिसांकडे गेल्यावर पहिलं उत्तर मिळालं, "हा पैशाचा व्यवहार आहे, दिवाणी आहे, कोर्टात जा." असं उत्तर मिळालं तर खचू नका. पैसे परत दिले नाहीत एवढंच लिहिलं तर तो खरंच देण्याघेण्याचा वाद वाटतो. तक्रारीत हे लिहा की पैसे घेतानाच त्याने खोटं सांगितलं, मालक नसताना मालक म्हणून करार केला. सुरुवातीपासून फसवण्याचा हेतू दिसला की ती फसवणूक ठरते. 1 जुलै 2024 पासूनच्या प्रकरणांना भारतीय न्याय संहिता लागू आहे, तिचं कलम 318(4) म्हणजे पूर्वीचं 420. ठाण्यात गुन्हा घेत नसतील तर लेखी तक्रार पोलीस उपायुक्तांना पाठवता येते आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

आमचा गुन्हा नोंदला गेला तो मालकीणबाईंमुळे. त्या पहिल्या दिवशी आमच्यावर खूप चिडल्या होत्या, आणि ते साहजिक होतं. पण दोन्ही कागद बघितल्यावर त्या आमच्यासोबत ठाण्यात आल्या, आपला रजिस्टर करार दिला, 'हा माझा भाचा नाही, मी याला कुठलंही मुखत्यारपत्र दिलेलं नाही' असा जबाब दिला. त्यानंतर चित्र पालटलं. ते मुखत्यारपत्र बनावट निघालं. अशा प्रकरणात खरा मालक आणि फसलेलं कुटुंब एकमेकांवर तुटून पडतात, कुलूप, शिवीगाळ, सामान बाहेर फेकणं, आणि तिकडे तिसरा आरामात निसटतो. मालक तुमचा शत्रू नाही. त्याचा करार हा तुमचा सगळ्यात मोठा पुरावा आहे.

बँकेतून गेलेल्या 3 लाखांचा माग लागला. खात्यात जेमतेम काही हजार उरले होते. रोख दिलेल्या 3 लाखांबद्दल त्याने सरळ हात वर केले, जरी करारात 6 लाखांचा आकडा आहे. त्याला अटक झाली, आता जामिनावर बाहेर आहे. एजंटचं म्हणणं एकच, "मी फक्त रूम दाखवली." मुलांची परीक्षा तोंडावर होती, म्हणून बाईंनी आम्हाला तिथेच राहू दिलं. आता रजिस्टर करार आहे आणि 18,000 रुपये त्यांच्या खात्यावर जातात. सासरे फंडाचा विषय काढत नाहीत, पण बँकेचं पासबुक त्यांनी कपाटातून काढून उशीखाली ठेवलं आहे, ते मला दिसतं.

तुमच्यापैकी कोणी आत्ता हेवी डिपॉझिटवर राहत असेल आणि मालक मेंटेनन्स बिलावरच्या नावाचा नसेल, तर सोसायटीत जाऊन चौकशी करा आणि खऱ्या मालकाचा नंबर मिळवा. काही खटकलं तर त्या माणसाला फोन करून जाब विचारू नका, तो त्याच रात्री गायब होईल. आधी चॅट, व्हॉइस मेसेज, पैसे पाठवल्याच्या नोंदी, कराराच्या सगळ्या पानांचे फोटो दुसऱ्या फोनमध्ये काढून ठेवा, मालकाला सोबत घ्या आणि ठाण्यात जाऊन तुमचे पैसे ज्या खात्यावर गेले ते गोठवण्याची मागणी लेखी द्या. खात्यात पैसे असतानाच ही मागणी गेली तर काही तरी हाती लागतं.