ठाण्यात होयाच्या मुळांवर उपचार करणारी घरपोच सेवा

घोडबंदर रस्त्यावरील एका रोपवाटिकेकडून घरातील झाडे तपासण्यासाठी माळी पाठवला जातो. आमच्या बॉक्स ग्रिलमधील होया कार्नोसा या शोभेच्या फुलवेलीची पाने ऐन जुलैमध्ये पिवळी पडून सुरकुतू लागली, म्हणून ही सेवा घेतली. पान सुरकुतले की झाड तहानलेले असावे, असे वाटते. आलेल्या माळीदादांनी मात्र पाण्याला हात न लावता आधी कुंडी उपडी केली. मुळे तपकिरी, बुळबुळीत झाली होती आणि चिमटीत धरताच त्यांची साल सुटत होती. कुजलेले मूळ पाणी शोषत नाही, त्यामुळे ओल्या मातीतही पाने सुकतात, हे त्यांनी मुळे दाखवूनच समजावले. कुजका भाग स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने कापून त्यांनी वेल नारळाच्या सोडणाचे तुकडे, परलाइट (पांढरे, हलके खडे) आणि कोळसा यांच्या भरड मिश्रणात लावली. होया मुळात झाडांच्या खोडांवर वाढणारी वेल असून सह्याद्रीतही तिच्या काही जाती आढळतात. चिकट लाल माती तिला मानवणार नाही, हे उघड आहे.

पेरांच्या बेचक्यातील पिठ्या ढेकूण ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने टिपून घेतले. पानांवरची काळी बुरशी या किडीच्या गोड, चिकट स्रावावर वाढते, त्यामुळे ती ओल्या फडक्याने पुसणे पुरेसे ठरले. फुले गळून गेलेले देठ त्यांनी छाटले नाहीत, कारण पुढच्या हंगामातील फुले त्याच देठांवर येतात. ही जाण सर्वच माळ्यांकडे असते असे नाही.

त्यानंतर पुढे केलेला वार्षिक करार मात्र पटला नाही. त्यात दर पंधरवड्याला कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची फवारणी आणि आळवणी (मुळांशी औषधाचे पाणी ओतणे), शिवाय मातीत ट्रायकोडर्मा, असे दोन्ही होते. ट्रायकोडर्मा ही स्वतःच एक उपयुक्त बुरशी असल्याने ते बुरशीनाशक तिलाही मारते, म्हणजे ग्राहक दोन्हींचे पैसे भरतो आणि एक वाया जाते. निरोगी होयाला अशा नियमित फवारणीची गरजही नसते. हवा खेळती असावी आणि दोन पाण्यांमध्ये मिश्रण बरेचसे सुकू द्यावे, एवढे पाळले तरी बहुतेक रोग दूर राहतात.

एका भेटीपुरती ही सेवा जरूर घ्यावी, करार टाळावा. याच रोपवाटिकेत विक्रीला ठेवलेल्या होया अजूनही लाल मातीतच आहेत, तेव्हा तिथून रोप घेतल्यास पावसाळ्यापूर्वी त्याचे मिश्रण बदलून घ्यावे.